राजा परत गादीवर बसतो, असं मी म्हणालो

सिनेमा बघून आलेली माणसं घरात बोलायला लागली की मी उठून आतल्या खोलीत जातो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला गोंगाट सहन होत नाही. तसं काही नाही. मला भीती वाटते. या वयात आता कोणाची भीती, असं कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. पण वाटते, हे खरं आहे.

परवा नातू आणि नातसून खेळ बघून आले. बूट काढता काढता नातू म्हणाला, "एकदम बकवास. हीरो को मारने की क्या ज़रूरत थी?"

"मरायलाच पाहिजे होता तो," नातसून म्हणाली. "नाहीतर तीन तास बसवलं कशाला आम्हाला?"

"तुला काय, जो मरतो तोच आवडतो."

"म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं. रोज सकाळी उठायच्या नावानं मरतोस."

दोघं हसली. मग ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा. हीरो मरायला पाहिजे की नाही?"

"मी बघितला नाही."

"अहो, पण असंच. सांगा ना."

"बघितला नाही म्हणून सांगितलं ना एकदा!"

माझा आवाज चढला. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेलो आणि पलंगावर बसून राहिलो. माझी बायको असती तर तिनं त्या पोरीला डोळ्यानं खुणावलं असतं, की यांना हे विचारू नकोस. ती गेल्या माघात गेली. का विचारायचं नाही हे तिला ठाऊक होतं. आता ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो, म्हणून लिहून काढतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यात आमची ग्वाल्हेरची मराठी, तिच्यात हिंदी शिरतेच. ज्याला खुपेल त्यानं सोडून द्यावं.

आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माधवगंजात एका गल्लीत दोन खोल्या होत्या. मूलबाळ अजून नव्हतं. माझे वडील संस्थानच्या फौजेत होते, आजोबाही होते. मला दमा, म्हणून भरतीत मला परत पाठवलं, आणि वडिलांनी हातापाया पडून सरकारी दफ्तरात चिकटवलं. मी दफ्तरी होतो. जुने कागद लाल कापडात गाठोडं करून बांधायचे, त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचे, आणि बाबूंनी मागितला की तो काढून द्यायचा, एवढं काम. वाचायला मला अडखळतच यायचं. बस्ता मी कापडाच्या विटण्यावरून, गाठीवरून, वासावरून ओळखायचो. ते मला चांगलं जमायचं. दुसरं काही जमायचं नाही, हेही सांगून टाकतो.

आमच्या गल्लीत एक रीत होती. बाडा नावाच्या चौकाजवळच्या टॉकीजमध्ये आठवड्यातून एकदा दुपारी फक्त बायकांचा खेळ लागायचा. पण सगळ्या बायकांना घर सोडून जाता यायचं नाही. कोणाची सासू अंथरुणाला, कोणाचं तान्हं, कोणाच्या घरी सोवळं. म्हणून गल्ली मिळून एकीला पाठवायची. तिनं जाऊन खेळ बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून बाकीच्यांना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. बायका गहू निवडत, वाती वळत ऐकायच्या. आधी एका कारकुनाची बायको जायची. पण ती म्हणे अर्ध्या खेळातच रडायला लागायची, आणि पुढचं तिला दिसायचंच नाही. मग माझ्या बायकोला पाठवायला लागले.

तिच्यासारखं सांगणारी मी पुन्हा पाहिली नाही. दुष्ट दिवाण आला की डावा डोळा बारीक करायची. घोडा आला की पाटावर बोटं वाजवायची. गाणं आलं की "इथं गाणं आहे, चांगलं आहे, पण लांब आहे," म्हणून पुढे जायची. आणि मतं तर विचारू नका. "नटी दिसायला गोड आहे, पण हात कुठं ठेवावेत तिला कळत नाही. सारखी खांबाला धरते." "दिवाण झालाय तो चालतो आपल्या तेल्यासारखा. त्याला कोण भिणार?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

संध्याकाळी जेवताना ती मला तेच परत सांगायची. बाकीच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पुरुषांची न बघितलेल्या प्रत्येक खेळावर मतं होती, आणि दफ्तरात आम्ही ती ठोकून द्यायचो, जसे काही स्वतः पुढच्या बाकावर बसून आलो आहोत. तिच्या तोंडचं एखादं वाक्य दोन दिवसांनी दुसऱ्याच बाबूच्या तोंडून ऐकलं की मी मनात हसायचो. तेवढीच माझी दफ्तरातली ऐट.

शेजारच्या काकूंचे यजमान राजवाड्यावर चोपदार होते. दरबार भरला की चांदीची काठी घेऊन ललकारी देत पुढे चालायचं, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य झालं, तेव्हा ती काठी जमा करून घेतली आणि लागलं तर बोलावू असं त्यांना सांगितलं. सांगणाऱ्यानं तोंडदेखलं सांगितलं असेल. म्हाताऱ्यानं खरं धरलं. रोज सकाळी अंघोळ करून पगडी घालायचे आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसायचे. बोलावणं आलं तर आपल्यामुळे खोळंबा नको. बायकांचा सिनेमा ओट्यावर चालायचा तेव्हा ते तिथेच दाराआड असायचे. ऐकत नाही असं दाखवायचे.

ते वर्षच भीतीचं होतं. आता लोक त्याबद्दल बोलतात तेव्हा झेंडे आणि मिरवणुका सांगतात. मिरवणूक मीही बघितली, पण मला आठवते ती भीती. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची बारकी संस्थानं एकात एक घातली. म्हणजे एका खुर्चीला दोन-दोन, तीन-तीन माणसं झाली. सहा महिने राजधानी इथे, सहा महिने इंदूरला. कोण राहणार, कोण जाणार, कोणाला घरी बसवणार, कोणालाच कळत नव्हतं. यादी लागणार, एवढंच सगळे म्हणायचे. ती कोण करतं आणि कशावरून करतं, हे कोणी सांगत नव्हतं. त्यात दिल्लीला गांधीजींची ती वाईट गोष्ट झाल्यापासून पोलीस आमच्या लश्कर भागातल्या मराठी घरांमधून विचारपूस करून गेले होते. आमच्या दारी आले नाहीत, पण पलीकडच्या गल्लीत आले होते. बाजारातून चालताना आम्ही मराठी हळू बोलायचो.

दफ्तरात पूर्वी साहेबासमोर वाकून मुजरा करायची चाल. आता तोंडी हुकूम आला की मुजरा नाही, नमस्ते. हुजूर नाही, साहब. माझा हात सवयीनं जमिनीकडे जायचा आणि मी तो अर्ध्यातून वर ओढायचो. मुरारहून सायकलवर येणारा एक चपराशी होता, मराठीच, पण तोंडानं पक्का हिंदी आणि मोठा तोंडाळ. तो म्हणायचा, "भैया, तू नमस्ते करतोस की मच्छर मारतोस?"

"हसू नका," बडे बाबू म्हणायचे. "ज्याचा हात खाली जाईल तो महाराजांचा माणूस. यादीत त्याचा पत्ता पहिला कटेल." बडे बाबू आमच्याच गल्लीतले, उभा जन्म नोकरीत गेलेला. एरवी मोठा रुबाब. पण त्या वर्षी त्यांनी कपाळावरचं गंधसुद्धा बारीक केलं होतं.

साहेब इंदूरकडून आलेले. तरणे, चष्मा लावणारे, हिंदी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आता म्हणतो. तेव्हा ते नुसते खाकरले तरी बाबू उभे राहायचे. माझी नोकरी गेली असती तर मी काय केलं असतं? दम्याचा माणूस, चौथी शिकलेला, बस्ते बांधण्याखेरीज काही येत नाही. आणि बस्ते काही बाजारात बांधायला मिळत नाहीत. मी रोज सकाळी दफ्तराच्या पायऱ्या चढताना आधी दाराकडे बघायचो, कागद लावलाय का. नसला की त्या दिवसापुरता श्वास सुटायचा.

अशात टॉकीजला एका राजाचा खेळ लागला. गावभर त्याची चर्चा. गल्लीनं माझ्या बायकोला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो सांगितला आणि संध्याकाळी मला सांगितला. राजाचा भाऊ फितूर होतो, दिवाण राजाला रानात घालवतो, राणी त्याला शोधत फिरते, आणि शेवटी राजा परत येतो, गादीवर बसतो, नगारे वाजतात, प्रजा रडते. तिनं पाटावर नगारे वाजवून दाखवले. मला तो शेवट फार आवडला. आमटी गार झाली तरी मी ऐकत होतो.

सोमवारी चहाच्या वेळेला साहेब हातात कप घेऊन व्हरांड्यात आले. असे ते कधी यायचे नाहीत. बाबू लोक भिंतीला लागून उभे राहिले. साहेब म्हणाले, "कल वो राजा वाली पिक्चर देखी. आप लोगों ने देखी?"

"जी साहब," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"कैसी लगी?"

"अच्छी थी, साहब."

"आपको?"

"अच्छी थी, साहब."

बडे बाबूंना विचारलं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जी, अच्छी ही थी."

साहेब हसले. "अरे भाई, सबको अच्छी लगी? मुझे तो बीच में नींद आ गई."

कोणी हसलं नाही. हसायचं की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात मी बस्ता घेऊन तिथून चाललो होतो. साहेबांनी मला थांबवलं. "तुमने देखी?"

"जी हुजूर," मी म्हणालो. पहिली चूक तिथेच झाली.

"तुम बताओ, क्या अच्छा लगा?"

इतक्या महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बायकोचे शब्द तोंडात तयारच होते. "आखिर का, हुजूर. राजा वापस गद्दी पर बैठता है, नगाड़े बजते हैं, परजा रोती है. वो अच्छा लगा."

साहेबांनी कप बशीत ठेवला. "वापस बैठता है?"

"जी. बैठना ही चाहिए, हुजूर."

हे शेवटचं वाक्य बायकोचं नव्हतं. ते माझं होतं. का बोललो, आजही सांगता येत नाही.

साहेब बडे बाबूंकडे वळले. "आपने तो देखी है. ऐसा है उसमें?"

बडे बाबूंच्या घरी तोच शेवट सांगितला गेला होता. त्यांची बायको माझ्या बायकोच्या पुढ्यात बसून ऐकत होती, हे मला पक्कं माहीत होतं. बडे बाबू म्हणाले, "साहब, असल में मैंने देखी नहीं. सुनी थी. वो भी ठीक से नहीं."

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून एकदा बघितलं, आत गेले आणि दार लावून घेतलं.

मुरारचा चपराशी मला हाताला धरून मागच्या जिन्यात घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता. "अरे बावळटा, काय बोललास तू? मैंने खुद देखी है. राजा नहीं बैठता! मुकुट प्रजेसमोर जमिनीवर ठेवतो, म्हणतो आता तुमचं राज्य तुम्ही चालवा, आणि निघून जातो. नदीकाठी राणीच्या मांडीवर मरतो. सगळी पिक्चर त्यासाठीच बनवली आहे!"

मी जिन्यातच बसलो.

"आणि वरून म्हणतोस, बैठना ही चाहिए," तो म्हणाला. "आज. या साहेबाला. यादी लागायच्या आधी. तुला खेळ समजला नाही असं तो म्हणणार नाही. तो म्हणणार, हा मुद्दाम बोलला."

"मग आता?"

"आता काय. नमस्ते नीट कर."

त्या दिवशी मला एक बस्ता सापडला नाही. पहिल्यांदाच. समोर होता, तरी सापडला नाही.

घरी आलो तो बायको स्टोव्ह पेटवत होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "राजा मरतो?"

ती पंप मारायची थांबली. "कोण म्हणालं?"

"मरतो की नाही?"

"मरतो."

"मग तू मला काय सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगितलं तेच सांगितलं." ती उठून उभी राहिली. "अहो, ते दाराआड बसलेले असतात. पगडी घालून. राजा मुकुट टाकून गेला आणि नदीकाठी मेला, असं त्यांच्या कानावर कसं घालू? तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात खुर्ची वाजली. मग मी त्याला परत बसवला."

"सिनेमातला राजा तो!"

"त्यांना कुठं वेगळा आहे?"

मी तिला दफ्तरातलं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तशी पांढरी पडली. मग म्हणाली, "मी येऊ का साहेबांकडे? सांगते की चूक माझी आहे. माझ्या नवऱ्यानं खेळ बघितलाच नाही."

"म्हणजे खोटं बोललो हेही कळेल. वा!"

"मग काय करायचं?"

काय करायचं ते मला भीतीनं सुचवलं. माझ्या डोक्यात आलं की आता चौकशी होणार. राजा परत बसतो ही गोष्ट आली कुठून, असं विचारत कोणीतरी माधवगंजात येणार, आणि गल्लीतली प्रत्येक बाई बोट दाखवणार ते आमच्या दाराकडे. मी म्हणालो, "उद्या सकाळी घरोघर जायचं आणि सांगायचं की शेवट चुकला. राजा मरतो. प्रत्येक घरी."

"सिनेमाची कधी चौकशी होते का?"

"आता सगळ्याची होते."

"बाकी घरी जाईन. काकूंकडे नको."

"काकूंकडे आधी जायचं. ओटा त्यांचा आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला माझी भीती वाटत होती. मी ते ओळखलं, आणि तरी म्हणालो, "जायचं म्हणजे जायचं."

सकाळी ती डोक्यावरून पदर घेऊन निघाली. मी कोपऱ्यावर चपलेचा अंगठा नीट करत उभा राहिलो. ती जाते की नाही बघायला. काकू ओटा झाडत होत्या. बायको खालीच उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "काकू, मी परवा खेळ सांगितला ना, त्याचा शेवट माझा चुकला. राजा परत बसत नाही. तो मुकुट ठेवून निघून जातो आणि वाटेत मरतो."

काकूंनी झाडू भिंतीला टेकवला. "अगं, मला ठाऊक होतं. मी काय इतकी खुळी आहे? पण तू सांगितलंस ते बरं वाटलं होतं. आता हे कशाला आलीस सांगायला?"

बायकोची मान कोपऱ्याकडे वळली. मग काकूंनीही माझ्याकडे बघितलं. दाराआड खुर्ची करकरली.

ती पुढच्या घरी गेली. मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच वाक्य. बडे बाबूंच्या दारात बाबू स्वतःच आले आणि घाईघाईनं म्हणाले, "आम्हाला काही माहीत नाही हो, आम्ही सिनेमा बघत नाही." आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चोपदार काका दाराआड नव्हते. ओट्यावर येऊन बसले होते. पगडी नव्हती. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघितलं. चेहरा उन्हानं रापलेला, आणि वर डोकं पांढरंफटक, दुसऱ्याच कोणाचं आणून बसवल्यासारखं. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. मी भराभर पुढे गेलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. साहेबांच्या दाराचा आवाज आला की मी बस्ते ठेवायच्या लाकडी घोडीमागे जायचो. कोणी माझ्याशी बोलेना. चहाच्या वेळी बाबूंचा घोळका मी आलो की पांगायचा. एकदा मुरारच्या चपराशानं सुद्धा मला बघून सायकल दुसऱ्या बाजूला लावली. मग स्वतःच येऊन म्हणाला, "बुरा मत मान भैया. माझी पण पोरं आहेत." घरी बायको ताट वाढून समोर बसायची. आमच्यात बोलणं जेवढ्यास तेवढं. दाराबाहेर चपला वाजल्या की आम्ही दोघंही घास हातात धरून थांबायचो.

मग एका दुपारी साहेबांनी बोलावलं. मी गेलो. नमस्तेला हात जोडले ते सुटेचनात.

साहेब कागदात डोकं घालून होते. म्हणाले, "वो नहर वाले झगड़े का पुराना कागज़ चाहिए. बड़े बाबू कहते हैं, नहीं है."

"है, साहब," मी म्हणालो. कालव्याच्या भांडणाचा बस्ता मला माहीत होता. त्याच्या कापडाला उंदरानं कोपरा कुरतडला होता आणि मी तिथं ठिगळ लावलं होतं. मी धावत गेलो आणि घेऊन आलो. साहेबांनी तो सोडला, कागद काढला, वाचायला लागले. मी उभाच. आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी मान वर केली आणि मला अजून तिथंच बघून त्यांना नवल वाटलं. "और कुछ?"

"नहीं साहब."

"तो जाओ."

मी बाहेर आलो आणि भिंत धरून उभा राहिलो. त्यांना आठवत तरी होतं की नाही, मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

त्याच आठवड्यात यादी लागली. दारापाशी ही गर्दी. मी मागून घुसलो आणि बोट ठेवून एक-एक नाव वाचत गेलो. राहणाऱ्यांत माझं नाव होतं. मी तीनदा वाचलं. बडे बाबूंचं नव्हतं. ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं, काहीच ऐकलं नव्हतं, ते घरी बसले. खाली साहेबांची सही होती आणि सहीखाली तारीख. ती तारीख त्या सोमवारच्या आधीची होती. चांगले आठ-दहा दिवस आधीची. म्हणजे मी व्हरांड्यात तोंड उघडलं तेव्हा यादी होऊन कुठल्या तरी टेबलाच्या खणात पडलेली होती. राजा मेला असता काय, बसला असता काय, माझं नाव तिथं लिहून झालं होतं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी ती तारीख बोट ठेवून परत एकदा वाचली.

घरी निघालो. गल्लीत शिरलो तर काका बोडक्यानं ओट्यावर बसलेले. म्हणाले, "काय हो, यादी लागली म्हणे."

"लागली."

"तुमचं?"

"आहे."

"देव पावला." आणि पुढे म्हणाले, "मग आता हरकत नसेल ना?"

"कशाची, काका?"

"सूनबाईला म्हणावं, तो खेळ परत सांग. पहिल्यांदा सांगितला होता तसा. मला तेव्हा शेवट नीट ऐकू आला नव्हता."

मी घरात गेलो. बायकोला आधी यादीचं सांगितलं. तिनं देवापुढे साखर ठेवली, मला पाणी दिलं. मग काकांचं सांगितलं. "मला आता तसा नाही येत सांगता," ती म्हणाली. "सांगायला गेले की तोंडात तो नदीकाठच येतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढे गल्लीनं दुसरीला पाठवायला सुरुवात केली. हिनं डोळे दुखतात म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी मात्र ती मला म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना. दफ्तरात सांगितला होतात तसा."

म्हणून मी परत बाहेर आलो आणि ओट्याच्या पायरीवर बसलो. मला सांगता येत नाही. घोडा नाही, दिवाणाचा डोळा नाही, भावाच्या आधी दिवाण आला, राणी मध्येच राहून गेली. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, दरबारात बसतात तसे. मी रानातून नदीवर आलो, नदीवरून वेशीवर आलो.

"मग राजा परत येतो," मी म्हणालो.

काका पुढे वाकले.

गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी सायकलवरून उतरत होतं. खाकी कपडे. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं, चेहरा दिसत नव्हता. यादीत माझं नाव होतं, मी स्वतः बोट ठेवून वाचलं होतं, तरी मी पुढचं वाक्य गिळलं.

"येतो, आणि?" काका म्हणाले.

सायकल ढकलत तो माणूस आमच्याच बाजूला येत होता. मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो. तो जवळ आला, तेव्हा दिसलं की पोस्टमन आहे. आमच्यापाशी थांबला, पिशवीत बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि पुढे गेला.

काकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग पांढऱ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "असू द्या. आत जा तुम्ही. दिवसभर उभे असता."